बेबीताईंच्या गाडीची काजळी

चाळीस वर्षांच्या संसारात खुशालरावांनी आपण होऊन घरातली एकच वस्तू घासूनपुसून लख्ख केली, आणि नेमकी तीच करायची नव्हती.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. बेबीताई, म्हणजे खुशालरावांच्या मंडळी, अमरावतीला लेकीकडे गेल्या होत्या. प्रणालीनं यंदा फराळ स्वतःच्या हातानं करायचं ठरवलं होतं, आणि लेकीचे हात म्हणजे शेवटी आईचेच हात, हे सांगायला नको. अकोल्यातल्या डाबकी रोडवरच्या घरातून निघताना बेबीताई दारात थांबून म्हणाल्या, "दूधवाल्यासाठी गंज बाहीर ठेवजा. तुळशीले पाणी टाकजा. अन् बाकी कशाले हात लावू नका."

चाळीस वर्षं हे शेवटचं वाक्य ऐकून खुशालरावांचं काही बिघडलं नव्हतं. या खेपेला ते कुठंतरी रुतलं. गल्लीत घरोघरी जळमटं निघत होती. समोरचे रिटायर हेडमास्तर लुंगी खोचून शिडीवर चढले होते. खुशालराव पेपर ठेवून उठले आणि बनियनवर आले. आधी त्यांनी पंख्याकडं पाहिलं. तो उंच होता. मग स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिथलं कोणतं भांडं कशाचं, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. शेवटी नजर बैठकीतल्या काचेच्या कपाटावर गेली. त्यात बेबीताईंनी स्वतःच्या हातानं केलेली आगगाडी होती. काळं इंजिन, मागं चार तांबडे डबे आणि शेपटाला गार्डाचा डबा. टपांवर काजळी, खिडक्यांखाली धुळीचे ओघळ, चाकांना चिखल. एवढी हौसेची वस्तू आणि काय तिची ही दशा, असं खुशालरावांच्या मनात आलं. बायकोनं परत आल्यावर कपाट उघडावं आणि थक्क व्हावं, एवढाच त्यांचा हेतू होता. तेवढा मात्र पुढं पूर्ण झाला.

त्यांनी बादली घेतली, भांडी घासायचं लिंबाच्या वासाचं लिक्विड घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि मोरीत पाट टाकून बसले. इंजिनामागचा पहिला डबा इतका काळा होता, की त्याच्या एकट्यावर अर्धी वाटी लिक्विड गेलं. दुसऱ्याला त्याहून कमी लागलं, तिसऱ्याला त्याहून कमी. गार्डाच्या डब्यावर तर नुसतं बोट फिरवलं तरी पुरलं. पाणी जसजसं काळं होत गेलं, तसतसा त्यांना हुरूप चढत गेला. काम करण्यात एवढं सुख असतं, हे इतकी वर्षं आपल्यापासून का लपवून ठेवलं, असंही त्यांना वाटून गेलं. मग पापडाचं प्लॅस्टिक गच्चीवर अंथरून त्यांनी सगळी गाडी ओळीनं उन्हात मांडली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

शेजारच्या गच्चीवर शालू कुरडया वाळवत होती. ती बेबीताईंची मैत्रीण, आणि ब्लाउज शिवायला टाकण्याच्या निमित्तानं दिवसातून दोनदा येणारी. तिनं कठड्यावरून डोकावून पाहिलं.

"भाऊजी, हे काय करून राह्यले?"

"दिवाळी करून राह्यलो."

"बेबीताईले इचारलं काय?"

"त्यात काय इचारायचं? पाह्य, कशी निघाली. तीन बादल्या काळं पाणी गेलं मोरीत."

शालूच्या हातातली कुरडई हातातच राहिली. शालू बोलत नाही म्हणजे कुणीतरी गेलं असावं, असं गल्लीत समजतात. मग ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, तो मळ नव्हता. तो त्यायनं लावला होता. वर्षभर बसून, ब्रशनं. काजळी त्यायच्या बाबाच्या फाटकावरची होती. तुमाले माईत नाही?"

माहीत नव्हतं असं नाही. खुशालरावांना उन्हात उभ्याउभ्या एकेक आठवायला लागलं. मागच्या वर्षी ते पेपर वाचत असताना बेबीताई समोर बसून काहीतरी सांगत होत्या. पत्रा, फाटक, बाबा, काजळी. आपण "हूं" म्हणालो होतो. एकदा नव्हे, वर्षभर म्हणत होतो. आता त्या सगळ्या हूंकारांचा अर्थ तीन बादल्यांमधून मोरीत वाहून गेला होता.

बेबीताई कोण, हे कळल्याशिवाय खुशालरावांचा जीव कसा टांगणीला लागला ते कळायचं नाही.

अकोटच्या पुढं, हिवरखेडच्या वाटेला छोट्या लाइनीवर एक फाटक होतं. किसनराव तिथले गेटमन. फाटकाशेजारी पत्र्याची एक खोली, खोलीमागं एक बाभूळ आणि त्या खोलीत जन्मलेली ही लेक. दुसऱ्या पोरी भातुकली खेळल्या. ही हिरवी झेंडी आणि लाल झेंडी खेळली. उजळणी ती मालगाडीच्या डब्यांवर शिकली. किसनरावांचा एकच नियम होता: गाडी येताना दिसली, की गार्डाचा डबा जाईस्तोवर कुणी बोलायचं नाही. "इंजन तं कोनीबी पाह्यते," ते म्हणत. "गेटमननं शेपूट पाह्यचं असते. शेवटचा डबा दिसला म्हणजे गाडी पुरी गेली. नाही दिसला, तं मधी कुठंतरी तुटली." हा नियम पोरीच्या हाडात उतरला. पुढं जन्मभर, मालगाडी जाऊ लागली की बेबीताईंचा उजवा तळवा आपोआप वर उठे, आणि तो खाली येईस्तोवर त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

खुशालरावांची त्यांची पहिली भेट या तळव्यानंच झाली. ते तेव्हा अकोटच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बाबू होते. कापसाच्या गाड्यांचं वजन करायचं काम. सकाळी सायकलवरून येताना फाटक लागलेलं, मालगाडी येतेय, पण अजून लांब. त्यांनी फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलीला म्हटलं, "अवं, जाऊ दे ना, मले उशीर होऊन राह्यला." तिनं मान न वळवता तळवा दाखवला. गाडी आली, सावकाश गेली. गार्डानं झेंडी हलवली. मग ती वळून म्हणाली, "सव्वीस. आता जा." जिनिंगमध्ये खुशालरावांनी त्या दिवशी प्रत्येक वजन दोनदा केलं, आणि दोन्हीदा वेगळं आलं.

मुलगी पाहायला गेले तेव्हा खुशालरावांच्या आत्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "पोट्टीले काय काय येते?" किसनराव म्हणाले, "डबे मोजता येतात." आत्या म्हणाली, "सैपाक?" किसनराव म्हणाले, "तोही मोजूनच करते." लग्न झालं.

अकोल्याला बिऱ्हाड केल्यावर बेबीताईंनी शिवणयंत्र घेतलं. ब्लाउज, पिको, फॉल. यंत्र मुद्दाम अशा खिडकीत ठेवलं, की गाडीचा आवाज आला तर मान वळवायला लागू नये. प्रणालीच्या वेळी दवाखान्यात नेताना रिक्षा फाटकात अडकली. कळांवर कळा येत होत्या, रिक्षावाला देवाचं नाव घेत होता, आणि बेबीताईंचा तळवा वर. गाडी गेली. "बेचाळीस," त्या म्हणाल्या, आणि मग कळवळून खुशालरावांचा हात धरला. रिक्षावाल्याला वाटलं, बाई वय सांगतेय.

गाडी बनवायचं वेड मात्र उशिरा लागलं. छोटी लाइन बंद होऊन तिथं मोठी होणार, असं ठरलं त्या वर्षी. बंद व्हायच्या आधी एकदा जाऊन येऊ म्हणून त्या चार दिवस मागं लागल्या होत्या. खुशालराव म्हणाले, "बंद होणाऱ्या गाडीत बसून काय करतं? चालू होईल तिच्यात बसू." बेबीताई एकट्या गेल्या. धूळघाटला गाडी डोंगराला वळसा घालून आपल्याच रुळांवरून पलीकडं जाते, ते खिडकीतून पुन्हा एकदा पाहून आल्या. येताना प्रत्येक स्टेशनावरची चिमूटचिमूट माती कागदाच्या पुड्यांत बांधून आणली. त्यातली धूळघाटची पुडी खुशालरावांनी कुठल्याशा देवाचा अंगारा समजून कपाळाला लावली. बेबीताईंनी उरलेली पुडी वरच्या फळीवर ठेवली.

मग तेलाचा रिकामा पिपा कापला गेला. त्याच्या पत्र्याचे डबे झाले, टाचण्यांचे खिडक्यांचे गज झाले, कोटाच्या बटणांची चाकं झाली. दोन डबे जिथं एकमेकांना टेकतात, तिथं ब्लाउजची टिचबटणं बसली. प्रणालीच्या जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर इंजिनात गेली. रंग दिल्यावर गाडी नवी कोरी दिसायला लागली, आणि बेबीताईंचं मन उतरलं. "बाबाच्या फाटकातून अशी गाडी कधी गेलीच नाही," त्या शालूला म्हणाल्या होत्या.

त्याच सुमारास मोठ्या लाइनीच्या कामात फाटकाची ती खोली पाडायला घेतली. बेबीताई एस.टी.नं अकोटला गेल्या, तिथून रिक्षानं. मुकादमाला म्हणाल्या, "भाऊ, पत्रा उलटा करून देसान काय?" पत्र्याच्या आतल्या अंगाला कोळशाच्या इंजिनांची कितीतरी वर्षांची काजळी बसली होती. ती त्यांनी खुशालरावांच्या दाढीच्या ब्रशनं झाडून किसनरावांच्या तंबाखूच्या डबीत भरून आणली. खुशालराव तो ब्रश पंधरा दिवस शोधत होते. तीच काजळी आणि त्याच पुड्यांतली माती, डिंकाच्या पातळ पाण्यात कालवून, बेबीताईंनी वर्षभर एकेका डब्यावर चढवली होती. जिथं जितकी बसायला हवी तिथं तितकीच. मग गाडीकडं पाहून म्हणाल्या होत्या, "आता आली." खुशालराव म्हणाले होते, "हूं."

आणि हे एवढ्यावरच थांबलं नव्हतं. अमरावतीत दिवाळीनंतरच्या रविवारी रेल्वेप्रेमींचं एक छोटं प्रदर्शन भरायचं होतं. भरवणारे नईमभाई, तिथले घड्याळदुरुस्तीवाले, घरात जर्मनीपासूनच्या आगगाड्या जमवून बसलेले. प्रणालीनं आईच्या गाडीचा फोटो त्यांना पाठवला, तर त्यांनी स्वतः फोन केला. "ताई, आमच्या सगळ्या गाड्या शोकेसमधल्या. धुतलेल्या, पुसलेल्या. तुमची एकटीच रुळावरून आलेली दिसते. तशीच आणजा, पुसू नका." खुशालरावांनी हा फोन ऐकला होता. 'पुसू नका' हे शब्द ऐकले होते. त्यांना वाटलं, माणूस संकोचानं म्हणतो आहे.

"मी सांगणार नाही," शालू कठड्यावरून म्हणाली. "पण त्यायनं इचारलं, तं खोटंही बोलणार नाही. तुमचं तुमी पाहा."

खुशालरावांनी पाहिलं. आधी तंबाखूची डबी शोधली. ती वरच्या फळीवर, पुड्यांशेजारी होती. पुड्या रिकाम्या. डबीच्या तळाशी नखाला लागेल एवढी काजळी. त्यांनी डबी उलटी केली नाही. झाकण लावून होती तिथंच ठेवली. साबण, पाणी, ब्रश यांचं काही नाही. पण सासऱ्याच्या आयुष्याची काजळी आपण लिंबाच्या वासात विरघळवली, या विचारानं त्यांना एका जागी बसवेना.

कबूल करावं, हा सरळ मार्ग होता. फोनही लावला. पण पलीकडून बेबीताईंचा आवाज आला, "तुळशीले पाणी टाकलं काय?" आणि खुशालराव म्हणाले, "टाकलं." एवढंच खरं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांना आईची आठवण झाली. घरात बाळ जन्मलं, की आई एरंडेलाचा दिवा लावून त्यावर पितळी ताट पालथं धरायची आणि ताटावर धरलेलं काजळ डबीत भरायची. दिवाळीच्या पणत्या घरात होत्याच. भरदुपारी खिडक्या लावून खुशालरावांनी एरंडेल घालून चार पणत्या पेटवल्या, चार विटांवर ताट टेकवलं आणि काजळ धरायला बसले. अडुसष्टाव्या वर्षी. डिंक लाडवांच्या सामानात सापडला. प्रश्न उरला मातीचा.

अकोटची काळी माती अकोल्यात आयती येते, हे त्यांना सुचलं, याचा त्यांना पुढं कित्येक दिवस मनातल्या मनात अभिमानही वाटत होता. ते तडक बस स्टँडवर गेले. अकोटची बस लागली होती. तिकडूनच चिखलातून नुकतीच आलेली. खुशालराव चाकापाशी उकिडवे बसले आणि चमच्यानं माती खरवडू लागले. ड्रायव्हर तंबाखू मळत खाली आला.

"काका, काय पडलं?"

"काही नाही. माती घेऊन राह्यलो."

"कायची माती?"

"अकोटची."

ड्रायव्हरनं तंबाखू दाढेत ठेवली आणि थोडा विचार केला. "मंग अकोटलेच चाला ना. तिकडं बम माती हाय. इथं चाकातून कावून काढता?"

"तेवढी नाही लागत."

"बरं," ड्रायव्हर म्हणाला, आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "अरे, पाच मिनटं थांब. काकाचं व्हायचं हाय."

धूळघाटचा तांबूस मुरूम मात्र बसच्या चाकाला नव्हता. तुळशीच्या कुंडीला लावायला आणलेला गेरू होता. त्यातला चिमूटभर घेतला. मग दोन दिवस खुशालराव नातवाच्या रंगाच्या ब्रशनं गाडी मळवत बसले. हाताशी आधी गार्डाचा डबा आला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून केली. ब्रश भरलेला होता, हात दिलदार होता. गार्डाच्या डब्याचं टप चांगलं काळंकुळकुळीत झालं. तिथून पुढं पुढं येताना काजळ संपत गेलं, आणि इंजिनामागच्या पहिल्या डब्यापर्यंत पोचेस्तोवर बाळाच्या गालाला तीट लावावी एवढंच उरलं. ते त्यांनी तिथं लावलं. इंजिन जन्मापासूनच काळं, त्याला वेगळं काही करायची गरज पडली नाही. शालूनं येऊन पाहिलं. म्हणाली, "भाऊजी, मेकअप बरा झाला." खुशालरावांना तेवढंही पुरलं.

बेबीताई वसुबारसेच्या सकाळी आल्या. पिशवी ठेवली, पाय धुतले आणि कपाटापुढं उभ्या राहिल्या. खुशालराव पेपरामागं होते. पेपर उलटा होता. बेबीताईंनी काच सरकवली, वाकून पाहिलं, नाक जवळ नेलं. काच परत लावली.

"चाय घेतली काय?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"मांडतो मंग."

बस. सुटलो, असं खुशालरावांना वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. बायकोला कळलं असतं तर ती एकदा बोलली असती आणि मामला संपला असता. आता तिला कळलेलंच नाही, म्हणजे ती फसली आहे, आणि फसवणारे आपण. तिच्या बापाच्या काजळीच्या जागी आपण एरंडेलाची काजळी देऊन बसलो, आणि ती बिचारी रोज काचेतून त्याच भावनेनं पाहते. दिवाळीभर त्यांना लाडू गोड लागला नाही. खुशालराव अंथरुणं काढू लागले, भाजी आणू लागले. सगळ्यांत वाईट म्हणजे ते प्रश्न विचारू लागले.

"काहून वं, तुमच्या फाटकावरून दिवसाच्या किती गाड्या जात?"

बेबीताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तं नाही," त्या म्हणाल्या. पण मग चहा होईस्तोवर सांगत बसल्या. कोणती गाडी कितीला यायची, कोणत्या ड्रायव्हरची शिट्टी कशी, पावसात बाबा कंदील कसा पोटाशी धरून उभा राहायचा. खुशालरावांनी सगळं ऐकलं. एकदाही हूं म्हणाले नाहीत. ऐकताना त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं त्यांना चाळीस वर्षांपूर्वीच ठाऊक व्हायला हरकत नव्हती, आणि ते अधिकच खचले.

पाडव्याला त्यांनी कबूल करायचं ठरवलं. ओवाळून झालं, ताट खाली ठेवलं गेलं. "अवं, ऐक," त्यांनी सुरुवात केली. रुळांच्या बाजूनं मालगाडीची धडधड आली. तळवा वर गेला. त्रेपन्न डबे. तोवर खुशालरावांचं धैर्य तिच्याच मागच्या डब्यात बसून निघून गेलं होतं.

रविवारी ते दोघं अमरावतीला गेले. गाडी शिलाईच्या चिंध्यांत गुंडाळून बुटांच्या खोक्यांत भरली होती, आणि खोकी खुशालरावांनी मांडीवरून खाली ठेवली नाहीत. प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. टेबलांवर झगझगीत गाड्या, एकीचा धूरही खरा निघत होता. शेवटच्या टेबलावर बेबीताईंनी सायकलच्या स्पोकांचे रूळ जोडले, गाडी मांडली आणि बाजूला उभ्या राहिल्या. चारजण आले, चाळीसजण झाले. एक आजोबा गाडीकडं पाहत नुसते उभेच राहिले आणि म्हणाले, "मी हिच्यात बसून खंडव्याले गेलो हाये." कुणीतरी फोटो काढले. प्रणाली आईपेक्षा जास्त फुशारली होती.

नईमभाई आले. गळ्यात घड्याळजीचं भिंग लटकलेलं होतं, ते त्यांनी डोळ्यात बसवलं. खुशालराव दोन पावलं मागं सरले. घड्याळातला केस शोधणारा माणूस. याच्यापुढं एरंडेल काय टिकणार. नईमभाई इंजिनापासून निघाले. पहिला डबा पाहिला, दुसरा पाहिला, टिचबटणं पाहून "वाह ताई, क्या दिमाग है" म्हणाले. गार्डाच्या डब्यापाशी मात्र जरा जास्तच वेळ थांबले. भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. मग सावकाश बेबीताईंकडं पाहिलं.

"ताई, ही काजळी कुठली?"

खुशालरावांनी डोळे मिटले. आता ती बापाचं नाव घेईल. फाटक सांगेल, पत्रा सांगेल. एवढ्या लोकांपुढं तिच्या तोंडून खोटं वदवलं जाईल, आणि ते आपल्यामुळं.

"घरचीच हाय," बेबीताई म्हणाल्या.

नईमभाईंनी एकदा खुशालरावांकडं नजर टाकली. "अच्छा," ते म्हणाले. "घरची असली की हात सैल पडते." आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

बेबीताईंना शाल मिळाली, नारळ मिळाला. त्या सगळ्यांशी बोलल्या, फोटोत हसल्या. खुशालराव कोपऱ्यातल्या खुर्चीत खोकी सांभाळत बसले होते. बापाचं नाव सांगायची जागा होती आणि तिनं ते सांगितलं नाही. का, ते त्यांना समजेना. लाजली असेल. की इतक्या वर्षांत आपण कुणाला काही सांगायची तिची सवयच मोडून टाकली? शाल, नारळ, टाळ्या, सगळं त्यांच्याच अंगावर येऊन पडत होतं.

संध्याकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर ते अकोल्याच्या गाडीची वाट पाहत बसले. बेबीताईंच्या मांडीवर एक खोकं, खुशालरावांच्या मांडीवर दुसरं, मधे नारळ. बेबीताईंनी खोक्याचं झाकण उघडून आत पाहिलं. चिंध्यांमधून गार्डाच्या डब्याचं काळं टप डोकावत होतं. त्यांनी ते बोटानं जरा चाचपलं, बोट पाहिलं आणि पदराला पुसलं.

मधल्या लाइनीवरून मालगाडी येताना दिसली. बेबीताईंचा तळवा वर उठला.

खुशालरावांनी ठरवलं, बोलायचं तर आताच. गार्डाचा डबा जाईस्तोवर ही काही बोलणार नाही, आपल्याकडं वळणारही नाही. तोंड बघायला लागणार नाही, आवाजही अर्धा गाडीखाली जाईल. भित्र्या माणसाला एवढी सोय पुष्कळ झाली. इंजिन धडाडत पुढून गेलं आणि खुशालराव सुरू झाले.

"तू प्रणालीकडं गेली होती, तवा मी गाडी धुतली. बादलीत. भांड्याच्या लिक्विडनं. मले वाटलं मळली. शालूनं सांगतलं तवा समजलं. तुझ्या बाबाची काजळी होती ती. तू मले सांगतलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. मंग म्या पणतीवर काजळ धरलं. माती एस.टी.च्या चाकाची हाय. लाल दिसते तो गेरू हाय, तुळशीचा. दोन दिवस बसून म्याच लावली. तुले सांगणार होतो, पाडव्याले सांगणार होतो. तिथं तुले शाल देऊन राह्यले अन् मले वाटे जमिनीत जावं. बाबाची होती ती काही मले परत आणता येत नाही. डबीत थोडीशीच हाय, नखभर, तिले मी हात नाही लावला. तुले काय बोलाचं ते बोल. नाही बोलली तरी चालते, पण मंग मले झोप नाही लागत. पंधरा दिवस झाले, मले झोप नाही."

कोळशाचे डबे जात होते. सिमेंटचे जात होते. बेबीताईंचे ओठ हलत होते, तळवा स्थिर होता. डोळ्यांत पाणी आलं होतं, की डब्यांच्या वाऱ्यानं धूळ गेली होती, ते खुशालरावांना कळलं नाही; त्यांनी बायकोकडं पाहिलंच नव्हतं. ते मांडीवरच्या खोक्याच्या दोरीला गाठीवर गाठ मारत होते. इतकी लांब मालगाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आजवर एकही मालगाडी त्यांनी शेवटापर्यंत पाहिली नव्हती, हेही खरंच.

मग शेवटी गार्डाचा डबा आला. दारात उभ्या असलेल्या गार्डानं हिरवी झेंडी आडवी धरली होती. डबा गेला, लाल दिवा लहान होत गेला, फलाट एकदम शांत झाला. बेबीताईंनी तळवा खाली घेतला, खोक्यातून आपला तो गार्डाचा डबा काढला, खुशालरावांच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या,

"धुतली ते धुतली, पण धूर काय गार्डाच्या डब्यातून निघते?"